पीपीएसएसपीपी, आठ महिन्यांनंतर: एफ-टू दाबणाऱ्यांनो, सावध!

मागच्या आठवड्यात माझे बावीस तास पाण्यात गेले, म्हणून हे लिहायला बसलोय. पीएसपी म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा जुना गेम कन्सोल, आणि पीपीएसएसपीपी हा त्याचा इम्युलेटर, म्हणजे पीएसपीचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर.

आमची पीएसपी दादाची. बॅटरी फुगून मागचं झाकण बसेना, आता चार्जर लावला तरच चालू होते. नवी बॅटरी शोधायला गेलो तर राजारामपुरीत एकानं जी किंमत सांगितली, ती ऐकून चहासुद्धा न घेता परत आलो. घरात जुना आय-थ्री लॅपटॉप होता, सॉफ्टवेअर फुकट. पीएसपीवर कस्टम फर्मवेअर (सोनीच्या ऐवजी टाकलेलं, बदललेलं सिस्टीम सॉफ्टवेअर) आधीपासूनच होतं, त्यामुळं यूएसबीची वायर जोडून आमच्याच यूएमडीच्या (पीएसपीच्या गेम डिस्कच्या) आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कच्या पूर्ण नकला, काढून घेतल्या. बायोस (कन्सोलचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) वगैरे शोधायची भानगड नाही.

चित्राबद्दल तक्रार शून्य. मूळ पडदा ४८० बाय २७२ चा. इथं रेंडरिंग (चित्राचं रिझोल्यूशन) दुप्पट केलं की चेहऱ्यावरचे भाव दिसतात. तिप्पट केलं की आमचा लॅपटॉप दम टाकतो. चित्र काढायच्या पद्धतींपैकी व्हल्कन त्याला झेपतच नाही, डायरेक्टथ्रीडी ११ वर गुमान चालतो.

गेमपॅड स्टेशन रोडवरनं साडेपाचशेला आणला. डावी काडी आपोआप वर सरकायची, हिरो भिंतीला जाऊन चिकटायचा. दुकानदार म्हणाला, "पाकीट फोडलंय की साहेब, आता कसं घेऊ परत?" अर्धा तास वाद घातला, मग घरी येऊन डेडझोन (काडी जराशी हलली तर दुर्लक्ष करायची मर्यादा) वाढवला, काम झालं. पैसे वाचले, पण राग तसाच आहे.

आता मूळ दुखणं. लॅपटॉपची बॅटरीही मेलेली. जुलैच्या पावसात आमच्या गल्लीत लाईट कधी जाईल नेम नाही. म्हणून बोटाला सवयच लागली: दोन मिनिटं खेळायचं, एफ-टू दाबून त्या क्षणाचा सेव्ह स्टेट करायचा. लाईट आली की एफ-फोर, जिथं होतो तिथंच हजर. गेममधल्या सेव्ह पॉइंटपर्यंत चालत कोण जातंय! 'क्रायसिस कोर' हा गेम असाच बावीस तास खेळलो. मग नवी आवृत्ती टाकली, एफ-फोर दाबलं आणि पडदा काळा. आवाज तेवढा येतोय.

रागाच्या भरात एक स्टार देणार होतो. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, चूक माझीच. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी मेमरीत जे काही आहे त्याचा जसाच्या तसा साचा, इम्युलेटरच्या आतल्या हिशोबासकट. आतली रचना बदलली की साचा बसेलच याची खात्री नाही. गेममधून केलेला सेव्ह मात्र सेव्हडेटा फोल्डरमध्ये वेगळा राहतो, आवृत्ती बदलली म्हणून त्याला सहसा धक्का लागत नाही. हे पीपीएसएसपीपीवाल्यांनी लिहून ठेवलंय. वाचतो कोण?

त्या फोल्डरमध्ये माझा एकच सेव्ह निघाला, तिसऱ्या तासाचा. कपाळ!

पण तेव्हाच एक डोक्यात आलं. पीएसपी चार्जरला लावली, मेमरी स्टिकवरचा सेव्हडेटा उचलून लॅपटॉपवर टाकला. आणि भावांनो, दादाचा २००९ चा सेव्ह उघडला! एकतीस तास, माझ्यापेक्षा कितीतरी पुढं. उलट दिशेनंही करून बघितलं, माझा तीन तासांचा सेव्ह पीएसपीवर उघडला. या एका गोष्टीसाठी मी चार स्टार देतोय. पाचवा माझ्या बावीस तासांचा, तो मिळणार नाही.

दादाला पुण्याला फोन केला. मला वाटलं खूश होईल. म्हणाला, "त्याला हात लावू नकोस हां. शेवटचा बॉस राहिलाय माझा, दिवाळीला येतोय." सेव्हडेटाच्या दोन कॉप्या पेनड्राइव्हवर करून ठेवल्यात. मी परत चौथ्या तासावर.