सिसिलियन ड्रॅगनचा व्हिडिओ कोर्स: एक्सचेंज सॅक्रिफाइससाठी तरी घ्याच

बुद्धिबळात काळ्याकडून खेळताना ड्रॉवर समाधान मानायचं नसेल तर पांढऱ्याच्या ई४ या पहिल्या चालीला सिसिलियन डिफेन्समधल्या ड्रॅगन ओपनिंगसारखं उत्तर नाही, हे माझं जुनं मत, पण नुसत्या लाइन्स (ठरलेल्या चालींचे क्रम) घोकून ड्रॅगन जमत नाही आणि हा कोर्स मला आवडला तो त्याचसाठी.

अर्ध्याहून जास्त वेळ युगोस्लाव्ह अटॅक या पांढऱ्याच्या हल्ल्याला दिलाय, आणि द्यायलाच हवा. पांढरा वजिराच्या बाजूला कॅसल (किल्लेकोट) करतो, आपण राजाच्या, मग त्याचं एचचं प्यादं सुटतं, एच६ वर उंट आणून तो आपला जी७ चा उंट काढून टाकायला बघतो आणि एच फाइल (एचची उभी पट्टी) एकदा उघडली की आपलं काही खरं नाही, अमेरिकेच्या बॉबी फिशरने १९५८ ला पोर्तोरोझच्या स्पर्धेत डेन्मार्कच्या लार्सनला याच प्लॅनने हरवलं होतं. आपलं सगळं काम सी फाइलवर. हत्ती देऊन सी३ चा घोडा मारायचा, म्हणजेच एक्सचेंज सॅक्रिफाइस, हे कोर्सच्या सरांनी इतक्या वेगवेगळ्या पोझिशनमध्ये दाखवलंय की नंतर हात आपोआप तिकडे जातो. सोल्टिस लाइनमध्ये, म्हणजे एच४ ला आपण एच५ खेळतो तिथे, पांढऱ्याने लगेच उंट एच६ वर आणला तर उंट मारायचा, त्याच्या वजिराला एच६ वर येऊ द्यायचं, आता सी३ चा घोडा सांभाळायला बी२ चं प्यादं सोडून कुणी नाही, मग हत्तीने घोडा मारा आणि वजीर ए५ वर! एक्सचेंज गेला पण पांढऱ्या राजासमोरची प्यादी विस्कटली.

नवव्या चालीला पांढऱ्याने उंट सी४ वर न आणता थेट कॅसल केलं तर डी५, त्यावरचा भागही मस्त. मारामारी होऊन पांढऱ्या वजिराने डी५ चं प्यादं खाल्लं की आपला वजीर सी७ वर, ए८ चा हत्ती खुशाल खाऊ द्यायचा, उंट एफ५ वर आला की सी२ वर मात दिसते आणि पांढऱ्याला दोन हत्तींच्या बदल्यात वजीर द्यावा लागतो. हे बघताना मी व्हिडिओ थांबवून बोर्डवर मांडलं, इतकं आवडलं.

कास्पारोव्हने १९९५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आनंदविरुद्ध ड्रॅगन काढला आणि ११ वा, १३ वा असे दोन गेम काळ्याकडून जिंकले, ते दोन्ही आहेत, पण कॉमेंटरी घाईत उरकलीय.

खरी तक्रार लेव्हनफिश या पांढऱ्याच्या दुसऱ्या लाइनची. सहाव्या चालीला एफ४, हे क्लब लेव्हलला भरपूर येतं आणि ते शेवटच्या व्हिडिओत दोन मिनिटांत संपवलंय. सवयीने उंट जी७ वर ठेवला की ई५ येतं, प्यादी मारली गेली आणि मग आपला घोडा जी४ वर गेला तर बी५ वरून उंटाचा चेक, राजा एफ८ वर सरकवला तर ई६ वर घोड्याचा चेक आणि मागे वजीर गेला. घोडा सी६ वर काढा, हा साधा उपाय पहिल्याच व्हिडिओत सांगायला हवा होता!

प्रॅक्टिस मोडमध्ये चाली उलटसुलट क्रमाने खेळल्या तर पोझिशन तीच आली तरी चूक दाखवतो, त्याचा वैताग येतो.

पाचपैकी चार. नवशिके असाल तर आधी टॅक्टिक्स पक्कं करा मग घ्या, आणि घेतलात तर लेव्हनफिशचा तो शेवटचा व्हिडिओ सगळ्यात आधी बघा.