होल-टोन की डिमिनिश्ड?

अमळनेरचा भाचा लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. विचारतो, "मामा, या दोन पाश्चात्त्य स्केलपैकी, म्हणजे स्वरमालांपैकी, आधी कोणती बसवू?"

पाठांतराला होल-टोन सोपी. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. 6 स्वर, अंतरं सगळी सारखी. बारा पट्ट्यांपैकी कुठूनही सुरू करा, स्वरांचे वेगळे संच 2च. पण पंचमच नाही, सूर अधांतरी राहतो. फ्रेंच संगीतकार देब्यूसीने त्याचंच सोनं केलं. वरातीत मात्र दोन ओळींत कंटाळा येतो.

डिमिनिश्डला 8 स्वर, 3 संच. अर्धा स्वर, पूर्ण स्वर, पुन्हा अर्धा, पूर्ण अशा अंतरांत बोटं अडखळतात. मात्र सा-ग-प-कोमल नी हा सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तिच्यात अख्खा सापडतो. शुद्ध मध्यमाच्या कॉर्डवर उतरण्याआधी ताण चढवायला झकास.

स्वप्नाळू सुरुवातीला पहिली, गाण्यामधल्या जागा भरायला दुसरी. भाच्याने दुसरीच धरावी. वरातीत स्वप्नं कोण बघतो?