रोजची झडती: प्रार्थनेत, आज्ञांपुढे, वहीत की सोबत्यापुढे?

आत्मपरीक्षण सुरू करायचं मनात आहे, पण नेमकं कसं करायचं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. रात्रीच्या प्रार्थनेत दिवस आठवायचा, बायबलमधल्या दहा आज्ञा समोर ठेवून स्वतःला तपासायचं, वही लिहायची, की विश्वासातल्या कुणापुढे मन मोकळं करायचं? चारही वाटा जुन्या आहेत आणि चारही मी कमीअधिक काळ चालले आहे. माझं मत आधीच सांगते. कोणती वाट श्रेष्ठ हे शोधत बसू नका, तुमचं मन तुम्हाला कसं फसवतं ते आधी ओळखा. काहींचं मन वकिलासारखं असतं, प्रत्येक चुकीला सबब शोधून देतं. काहींचं मन फिर्यादी असतं, देवाने केलेली क्षमाही ते मान्य करत नाही. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला बाधू शकतं.

एक गोष्ट मात्र चारही वाटांना सारखीच लागू आहे. बायबलच्या १३९व्या स्तोत्रात दावीद राजा देवाला म्हणतो, तू माझी झडती घे. मी माझी झडती घेतो, असं तो म्हणत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, हाही हिशेब मांडतोच: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश. त्याचे आकडे खोटे आहेत असं येशू म्हणत नाही. पण तो स्वतःला देवासमोर धरत नाही, मागे उभ्या असलेल्या, लोक पापी समजत त्या जकातदाराशी स्वतःची तुलना करतो. म्हणून कोणतीही वाट निवडलीत तरी सुरुवात प्रार्थनेने करा. ते सुटलं की उरतं ते नुसतं स्वतःविषयी विचार करत बसणं.

रात्रीची प्रार्थना

ही पद्धत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली. क्रम पाच पायऱ्यांचा आहे: मिळालेल्या कृपेबद्दल आभार, आपलं पाप दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने तपासणं, क्षमा मागणं, आणि उद्यासाठी देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

या क्रमात आभार पहिले आहेत, आणि ते तसेच राहू द्या. मी काही महिने घाईत ती पायरी गाळली होती. थेट चुकांपासून सुरुवात व्हायची आणि प्रार्थना संपेपर्यंत मी स्वतःच्या तोंडाकडेही बघू नये अशा अवस्थेत असायचे. आभार परत आणले तेव्हा त्याच चुका दिसल्या, पण ज्याने दिवसभर सांभाळलं त्याच्यासमोर दिसल्या. मग क्षमा मागणं जड गेलं नाही.

दिवस तासातासाने पाहण्यालाही अर्थ आहे. "आजचा दिवस कसा गेला?" असं एकदम विचारलं तर मन म्हणतं, "बरा गेला." पण दुपारी फोन वाजला होता, पडद्यावर कुणाचं नाव होतं ते पाहिलं आणि तो पालथा ठेवला, हे दुपारपर्यंत सावकाश आल्याशिवाय आठवत नाही. का पालथा ठेवला? कंटाळा होता, की त्या माणसाला एकदा कबूल केलेली मदत टाळायची होती? अशा जागी थांबायचं. बाकीचा दिवस राहिला तरी चालेल.

इग्नेशियस यांनी एकाच दोषासाठी वेगळी पद्धतही दिली आहे. तो दोष घडला की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी आणि रात्री मोजून दिवसाच्या दोन ओळींवर तितके ठिपके काढायचे. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. रागीट जीभ, बढाई, खोटं बोलायची सवय अशा मोजता येणाऱ्या दोषांसाठी मला याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

उणीव अशी, की सगळी भिस्त आठवणीवर. आणि आठवण सोयीचंच उचलते.

दहा आज्ञा समोर ठेवून

ही उणीव आज्ञांनी भरून निघते. जे पाप तुम्हाला कधी पाप वाटलंच नाही, ते आठवणीत येणार कुठून? आज्ञा तुम्हाला न विचारता प्रश्न करते. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी विश्वासाची मूलतत्त्वं शिकवणाऱ्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत सांगितलं, की दहा आज्ञांच्या उजेडात आपलं स्थान तपासा: तुम्ही बाप आहात, आई, मुलगा, मुलगी, मालक की नोकर? आज्ञा मोडलीत का, अविश्वासू झालात का, आळस केलात का? "मी वाईट आहे का?" या प्रश्नाला उत्तर नसतं, पण "आई म्हणून या आठवड्यात मी काय टाळलं?" याला असतं. त्यात येशूचं डोंगरावरचं प्रवचन जोडलं, तर "खून करू नको" ही आज्ञाही रागापर्यंत येऊन पोहोचते आणि कुणीच सुटत नाही.

हे रोज करायचं काम नाही. पापनिवेदनाआधी (फादरांपुढे किंवा पाळकांपुढे पापांची कबुली देण्याआधी) किंवा प्रभुभोजनाआधी (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी) याची जागा आहे. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. वकिली मनासाठी ही वाट फार चांगली.

फिर्यादी मनाने मात्र जपून. लूथर स्वतः मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करायचे आणि तरी काही राहून गेल्याची धास्ती जायची नाही. तुमचंही तसं होत असेल, तर यादी बाजूला ठेवा आणि योहानाच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडा: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं, तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. तीच शंका दिवसात दहा वेळा येत असेल, कबुली देऊनही पुन्हा द्यावीशी वाटत असेल, तर पाळकांशी किंवा फादरांशी बोलाच, आणि डॉक्टरांशीही बोला. कधीकधी हा विश्वासातला कमीपणा नसून आजार असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

वही

वहीचा फायदा एकच, पण मोठा: महिन्यांचा पट एकदम दिसतो. अमेरिकी धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७२२-२३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, स्वतःसाठी ७० संकल्प लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे असंही ठरवलं. तुम्ही तेवढे लिहू नका. पण आठवड्याने परत वाचणं घ्या, कारण न वाचलेली वही आत्मपरीक्षणाच्या कामाची नाही.

माझ्या वहीत "आज पुन्हा आवाज चढला" हे वाक्य पाच महिन्यांत बावीस पानांवर होतं. एका रविवारी सगळं सलग वाचलं तेव्हा दिसलं, की त्यातले बहुतेक दिवस मी सकाळी प्रार्थना न करता घाईत सुरू केलेले होते. हे रात्रीच्या प्रार्थनेत कधीच दिसलं नसतं. पण दुसरी गोष्टही दिसली. वाक्य हळूहळू सुरेख होत गेलं होतं. मी पश्चात्ताप करत नव्हते, पश्चात्तापावर लिहीत होते. ज्यांना लिहिण्याची आवड आहे त्यांनी हा धोका ओळखून वही धरावी, आणि नोंद दोन ओळींच्या पुढे जाऊ देऊ नये.

सोबती

सगळ्यात अवघड वाट हीच, आणि वकिली मनाला खरा उतारा हाच. नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवा. स्तोत्रं रचणारा, देवाशी बोलणारा दावीद बथशेबेच्या प्रकरणात, म्हणजे दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवल्यावर, इतके दिवस गप्प बसू शकला. नाथानाने गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा तो चिडला, "त्याला मरणदंड हवा" म्हणाला, आणि मग त्याला ऐकावं लागलं की तो मनुष्य तूच. एकट्याने केलेल्या कोणत्याही प्रार्थनेला हे जमलं नसतं.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम घालून दिले. दर आठवड्याला एकत्र यायचं आणि मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली, हे एकमेकांना सांगायचं. इतकं कठोर प्रत्येकाला पेलणार नाही. महिन्यातून एकदा, एकच माणूस, तासभर, एवढंही पुरे. माणूस मात्र पारखून घ्या. ज्याच्या हातात तुमची नोकरी, पैसा किंवा मंडळीतलं तुमचं स्थान आहे तो नको. "प्रार्थनेसाठी सांगते" म्हणत दुसऱ्याची गोष्ट पसरवणारा तर अजिबात नको. कॅथलिक वाचकांनी पापनिवेदन आणि ही सोबत यांत गल्लत करू नये: तिथे संस्कार आहे, पापमुक्ती आहे, आणि फादरांवर गुप्ततेचं बंधन आहे, सोबत्याकडे यातलं काही नाही, फक्त त्याचे कान आणि त्याची प्रार्थना आहे.

मग निवडायचं काय?

स्वतःला सहज माफ करत असाल, तर महिन्यातून एकदा आज्ञा आणि सोबती. रोजची प्रार्थना त्यानंतर. स्वतःला छळत असाल, तर फक्त रात्रीची प्रार्थना, आभारांची पायरी लांब आणि चुकांची छोटी. पापांची वही ठेवूच नका. एकच दोष वर्षानुवर्षं चिकटला असेल, तर ठिपक्यांची पद्धत. आपण कोणत्या प्रकारात बसतो तेच कळत नसेल, तर तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एकाला विचारा. त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा खरं असण्याची शक्यता बरीच आहे.

चारही एकदम सुरू करू नका. एक निवडा आणि चाळीस दिवस तीच धरा, मग तो ईस्टरआधीचा उपवासकाळ असो वा नसो. मधे एखादी रात्र राहून जाईल. दुसऱ्या रात्री दोन दिवसांचा हिशेब मांडू नका, आजच्या सकाळपासून सुरू करा. डोळा लागला आणि आभारांपर्यंतच पोहोचलात, तर ती रात्र भरल्यातच धरा.