ऑन, इग्नोरिंग की आधी बेरीज? प्रोमिथियसमध्ये लेबलं जुळवताना

प्रोमिथियस या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत दोन मेट्रिक्सचा (मोजमापांचा) भागाकार केला आणि उत्तर रिकामं आलं, तर पहिला संशय लेबलांवर, म्हणजे मेट्रिकला चिकटवलेल्या ‘जॉब’, ‘पॉड’सारख्या खुणांवर घ्या. मेट्रिकचं नाव सोडून बाकी सगळी लेबलं दोन्हीकडे तंतोतंत सारखी असतील तरच जोडी जमते. बिनजोडीच्या सिरीज (लेबलांच्या प्रत्येक संचाची एक आकड्यांची मालिका) मुकाट्याने गळतात. एकाच एक्स्पोर्टरच्या (मोजमापं पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेट्रिक्स, उदाहरणार्थ डिस्कची मोकळी जागा आणि एकूण जागा, सहसा काही न सांगता जुळतात. खरा प्रश्न त्यापुढचा: लेबलं जुळत नसतील तर क्वेरीत ‘इग्नोरिंग’ लिहायचं, ‘ऑन’ लिहायचं की आधी बेरीज करायची?

इग्नोरिंगमध्ये आपण ठरावीक लेबलं वगळायला सांगतो. लिहायला सोपं, पण उद्या कोणी एकाच बाजूला ‘झोन’ लेबल वाढवलं की जोडी तुटते, निकाल रिकामा येतो आणि त्यावरचा अलर्ट कधीच वाजत नाही. ऑनमध्ये फक्त नाव घेतलेली लेबलं मोजली जातात, त्यामुळे ‘झोन’ आल्याने काही बिघडत नाही. त्या लेबलामुळे एका सिरीजच्या दोन झाल्याच, तर क्वेरी सरळ एरर देते आणि अलर्टचा रूल फसल्याचं प्रोमिथियसच्या स्वतःच्या काउंटरमध्ये (फक्त वाढत जाणाऱ्या मेट्रिकमध्ये) दिसतं. मला गप्प बसणाऱ्या अलर्टपेक्षा ही ओरड बरी वाटते, म्हणून अलर्टसाठी ऑनच. एक तोटा आहे: एकास-एक जोडीत निकालावर ऑनमधली लेबलंच उरतात, म्हणजे ‘जॉब’ हवं असेल तर तेही त्यातच लिहा.

गुणोत्तर काढायचं असेल, जसं एरर भागिले एकूण रिक्वेस्ट, तर या दोन्हींच्या वाटेला न जाता दोन्ही बाजूंना आधी रेट (वाढीचा वेग), मग त्याच लेबलांवर सम बाय (लेबलांनुसार बेरीज) करा. क्रम उलटा केला तर काउंटर रीसेट झाल्यावर, म्हणजे शून्यावर परतल्यावर, आकडे भरकटतात.

इन्फो मेट्रिकमधून (जिचं काम फक्त लेबलं पुरवणं) ‘व्हर्जन’सारखं लेबल आणायचं असेल तर ग्रुप_लेफ्टला (अनेकास-एक जोडीला) पर्याय शोधू नका. इन्फोची किंमत १ असते, गुणाकाराने आकडा बदलत नाही. ‘लेफ्ट’ म्हणजे अनेक सिरीज असलेली बाजू डावीकडे; इथेच पुष्कळजण गोंधळतात. क्यूब-स्टेट-मेट्रिक्स (कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीची स्थिती सांगणारा एक्स्पोर्टर) रीस्टार्ट होताना जुनी-नवी सिरीज थोडा वेळ एकत्र दिसते आणि ‘अनेकास-अनेक’ची एरर येते. तेव्हा इन्फोची बाजू मॅक्स बायमध्ये (लेबलांनुसार सर्वात मोठा आकडा) गुंडाळा.

लेबलांची नावंच वेगळी असतील तर यातलं काहीच चालत नाही. कुबरनेटीस १.१६ पूर्वी कंटेनरच्या मेट्रिक्समध्ये ‘पॉड_नेम’ यायचं आणि इतरत्र ‘पॉड’. अशा वेळी क्वेरीत लेबल बदलणारं लेबल_रिप्लेस आहेच, पण स्क्रेप करतानाच, म्हणजे प्रोमिथियस मेट्रिक्स गोळा करतानाच, रीलेबल करून (लेबलाचं नाव बदलून) टाका. प्रत्येक क्वेरीत तीच मलमपट्टी कशाला?