हेडलाईट मंद होतायत? आधी मल्टिमीटर घ्या

जुन्या गाडीचे हेडलाईट फडफडले की लोक आधी बल्ब बदलतात, त्यापेक्षा साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र) घ्या. माझा मस्त चाललाय, बॅकलाईट आहे त्यामुळे बोनेटखाली अंधारातपण आकडे दिसतात, फक्त प्रोबच्या (मोजताना टेकवायच्या टोकांच्या) वायरी आखूड आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला पाहिजेत, नाही आले तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) नाहीतर त्याचा बेल्ट बघा. माझं ते ओके होतं, मग लाईट लावून एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा बल्बच्या अर्थच्या (गाडीच्या बॉडीतून मायनसला परत जाणाऱ्या) पिनला लावला तर चक्क 1.2 व्होल्ट, म्हणजे तेवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेतच वाया जात होतं, खरंतर 0.2 च्या वर नको! अर्थचा बोल्ट काढला, लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट गंज, पॉलिश पेपरने घासून परत आवळला आणि लाईट एकदम लख्ख. बिनधास्त घ्या.