काचेवर पाणी घरंगळलं म्हणजे पॉलिश झालं असं नाही

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात गाड्यांच्या ‘मॉन्सून चेकअप’चे बोर्ड जागोजागी दिसायला लागतात. त्यात सध्या एक गोष्ट जोरात खपवली जातेय, पुढच्या काचेचं मशीन पॉलिश आणि त्यावर कोटिंग. वायपरचे डाग जातात, पाणी काचेवर थांबतच नाही, असं सांगतात. माझ्याकडून याचे २,८०० रुपये घेतले आणि काच आधीपेक्षा वाईट करून दिली. रात्रीच्या पावसात हे जिवावर बेतू शकतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी तक्रार साधी होती. वायपर फिरला की ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच एक धुरकट पट्टा उमटायचा आणि पुसला तरी परत यायचा. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने नखाने काच खरवडल्यासारखं केलं आणि म्हणाला, “मॅडम, रबर काचेत मुरलंय. आता पॉलिश नाही केलं तर काच बदलावी लागेल, बारा-चौदा हजार जातील.”

फसवणूक इथूनच सुरू होते. काचेत रबर मुरत नाही. झिजलेल्या वायपरचं रबर, डिझेलच्या धुराची काजळी, रस्त्यावरचं तेल आणि वॉशिंगच्या शॅम्पूतलं मेण यांचा पातळ थर काचेवर बसतो. काचेवर, काचेत नव्हे. तो निघतो. पण काच बदलायचा आकडा आधी कानावर पडला की २,८०० स्वस्त वाटायला लागतात, आणि तो आकडा त्यासाठीच सांगितलेला असतो.

काम चालू असताना मी तिथेच उभी होते. बाटलीवर लेबल नव्हतं. आत पांढरी पेस्ट, वास रॉकेलसारखा. मशीनच्या पॅडची कड लालसर दिसत होती, कारण आधी तो कुठल्यातरी लाल गाडीच्या बॉडीवर फिरला होता. मी विचारलं तर उत्तर आलं, “मटेरियल सेमच असतं, मॅडम.”

ते सेम नसतं. काचेच्या पॉलिशसाठी सेरियम ऑक्साइड वापरतात. ही बारीक पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडने घासायची असते आणि काच सतत ओली ठेवावी लागते, नाहीतर एका जागी तापून ती तडकू शकते. माझ्या काचेवर फिरलं ते रंगावरचे ओरखडे घालवायचं रबिंग कंपाउंड. ते काचेच्या कडेच्या रबरात वाळून पांढरं राहिलं होतं, ते मी नंतर स्वतः काडीने काढलं. वरून डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन फासलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

मग त्याने स्प्रेने पाणी मारलं. थेंब गोल होऊन सरसर खाली गेले. “बघा, कोटिंग बसलं!” आणि लगेच जॉब कार्डवर ‘काम समाधानकारक’ म्हणून सही घेतली.

हा थेंबांचा प्रयोग नीट लक्षात ठेवा, कारण सगळी विक्री त्याच्यावर चालते. कुठल्याही तेलकट पृष्ठभागावर पाण्याचे थेंब असेच गोल होतात. खोबरेल तेलाचा हात काचेवर फिरवा, तिथेही होतील. खरं कोटिंग आधी पूर्ण स्वच्छ केलेल्या काचेवरच धरतं आणि नंतर सुकायला वेळ घेतं.

काय केलंय ते ताम्हिणी घाटात कळलं. माणगावला आईकडे निघाले होते, मुळशी मागे पडल्यावर अंधार झाला आणि पाऊस लागला. वायपर फिरला की काच साफ व्हायच्याऐवजी सगळीकडे दुधाळ फासली जायची. समोरून गाडी आली की तिच्या हेडलाइटचा उजेड अख्ख्या काचेवर पसरायचा आणि वळण कुठे आहे तेच दिसायचं नाही. एका टपरीपाशी थांबून पाऊस उतरायची वाट बघावी लागली.

माणगावातल्या गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या काकांनी काच बघितली, बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, ह्याच्यावर तेल चोपडलंय.” त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या फडक्यावर घेऊन पुसायला सुरुवात केली. फडकं करडं, चिकट झालं. दुसरं घेतलं, तेही तसंच. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसलं, मग पाणी मारत क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवला आणि वायपरची रबरं बदलली. त्यानंतर ओतलेलं पाणी थेंब न होता सलग पसरलं. स्वच्छ उघड्या काचेवर पाणी असंच पसरतं. वायपरचा तो मूळ पट्टाही गेला, आणि खर्च आला नव्या रबरांसकट हजाराच्या आत.

जे गेलं नाही ते म्हणजे ओरखडे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की गोल गोल बारीक रेषा दिसतात, घाणेरड्या पॅडने पाडलेल्या. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर. खोल ओरखडे घालवायला ती जास्त घासली तर जाडी कमी-जास्त होऊन पलीकडचं लहरी दिसायला लागतं. म्हणून काकांनी हात लावायला नकार दिला, आणि मला ते पटलं.

तुमच्या काचेवर असा पट्टा असेल तर आधी अल्कोहोलने पुसा आणि रबरं बदला. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर साधं व्हिनेगर लावून बघा. रस्त्यावर कुणी ‘डाग घालवायचं ॲसिड’ दाखवलं तर दूर राहा. अशा काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं, ते काचच खातं आणि कातडीला फार धोकादायक असतं. एवढं करूनही पॉलिश करायचंच ठरलं तर मालाचं नाव बिलावर लिहून घ्या, पॅड नवीन लावायला सांगा, आणि सही करण्याआधी काच ओली करून समोर दुसऱ्या गाडीचा हेडलाइट लावून वायपर चालवून बघा.

माझ्या बिलावर फक्त ‘ग्लास ट्रीटमेंट’ एवढंच आहे. त्यात काय वापरलं, हे मी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारलं. उत्तराऐवजी फोन आला, “पुढचं वॉशिंग फ्री करून देतो.” मी नाही म्हणाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे, ओरखड्यांचे फोटो आणि ती करडी फडकी जपून ठेवली आहेत, आणि मागणी पूर्ण रक्कम परत करण्याचीच आहे.