कुरसुरा पाणबुडी संग्रहालय, विशाखापट्टणम: इंजिन रूममध्ये जरा जास्त थांबा

पाचपैकी पाच. आता कारणं लिहितो, कारण या ठिकाणाबद्दल बहुतेक लोक 'मुलांना आवडलं, फोटो छान येतात' एवढंच लिहितात. तेही खरंच आहे. पण रामकृष्ण बीचवर वाळूत उभी असलेली ही पाणबुडी म्हणजे शोभेची वस्तू नाही. ती एकतीस वर्षं नौदलात होती, 1971च्या युद्धात गस्तीवर होती आणि मधली काही वर्षं तर ती जवळजवळ मोडीतच निघाली होती. त्या मधल्या वर्षांबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली, डिझेल इंजिनं उघडायची आणि पुन्हा बसवायची. त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की माझा पहिला प्रश्न 'हे किती चाललं आणि कोणी चालतं ठेवलं' हाच असतो. त्याच नजरेने ही पाणबुडी पाहिली.

आधी तिची जन्मकथा. 1965 साली भारताने सोव्हिएत युनियनशी चार पाणबुड्यांचा करार केला. त्याआधी आपल्या नौदलाकडे स्वतःची एकही पाणबुडी नव्हती. नाटोवाले ज्या वर्गाला 'फॉक्सट्रॉट' म्हणत, त्या वर्गातल्या या पाणबुड्या लेनिनग्राडच्या गोदीत बांधल्या जात. पहिली कलवरी 1967 मध्ये नौदलात दाखल झाली, मग खांदेरी, मग करंज, आणि चौथी ही कुरसुरा. 18 डिसेंबर 1969 रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या रीगा बंदरात, ऐन बर्फाच्या दिवसांत, ती आपल्या नौदलात दाखल झाली. खांदेरी आणि करंज ही नावं आपल्या माणसाला वेगळी सांगायला नकोत. एक थळच्या समुद्रातला शिवाजी महाराजांचा जलदुर्ग, दुसरं उरणजवळचं करंजा बेट. आत त्या बहिणींची नावं ऐकली आणि मला फार बरं वाटलं.

रीगाहून ती थेट भारतात आली नाही, कारण 1967च्या अरब-इस्रायल युद्धापासून सुएझ कालवा बंद होता. फेब्रुवारी 1970 मध्ये निघाली ती स्वीडनमधलं गोथेनबर्ग, स्पेनमधलं ला कोरुन्या, घानामधलं ताकोराडी आणि मॉरिशस करत, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून. नवीन इंजिनं आणि नवीन माणसं, दोघांचीही परीक्षा याच प्रवासात झाली असणार. आम्ही ओव्हरहॉल केलेली गाडी आधी डेपोच्या आसपास फिरवून पाहायचो. यांना पहिलीच फेरी निम्म्या जगाची मिळाली.

आत शिरायला जिना आहे. एका टोकाने आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. लांबी 91 मीटरच्या वर आहे. बाहेरून हा आकडा मोठा वाटतो, पण आत गेल्यावर लक्षात येतं की त्यातली माणसांच्या वाट्याची जागा म्हणजे एक अरुंद बोळ. अंगाला अंग न लावता दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. इथे 75 जण राहायचे, आठ अधिकारी आणि 67 नौसैनिक. एका दालनातून दुसऱ्यात जायला गोल झडपेची दारं आहेत. वाकून, आधी एक पाय घालून जावं लागतं. पाणी शिरलं तर ते दार बंद करायचं, म्हणजे बाकीची पाणबुडी वाचते. आणि दार बंद करताना पलीकडे कोण राहिलं, याचा विचार करत बसायला वेळ नसतो. आमच्या गाइडने हे अगदी शांतपणे सांगितलं. इथले गाइड निवृत्त नौसैनिक असतात, आणि त्यामुळे या जागेचं मोल कितीतरी वाढतं. पाठ केलेली माहिती आणि जगलेली माहिती यांतला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पुढच्या दालनात टॉर्पेडोच्या सहा नळ्या आहेत, मागे चार. एकूण 22 टॉर्पेडो मावायचे. मुलं इथेच रेंगाळतात आणि गर्दीही इथेच होते. नौसैनिकांचे पुतळे ठेवले आहेत, कोणी काम करतोय तर कोणी झोपलाय. बंक पाहून माझ्या सौ.ने विचारलं, "एवढ्याशा जागेत कूस तरी कशी बदलायची?" तिचा प्रश्न बरोबर होता. पायाखाली बॅटऱ्या, डोक्यावर पाइप, आणि जिथे हात जाईल तिथे व्हॉल्व्हचं चाक.

कंट्रोल रूममध्ये बुडी मारण्याची रीत समजून घ्या. पाणबुडीच्या दोन कवचांच्या मध्ये टाक्या असतात. त्यांतली हवा सोडून पाणी आत घेतलं की ती जड होऊन खाली जाते. वर यायचं असेल तेव्हा दाबाने भरून ठेवलेली हवा सोडून तेच पाणी बाहेर ढकलायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या भिंतीवरचे डायल आणि चाकं पाहिली की एक चूक काय करू शकते ते ध्यानात येतं. ही पाणबुडी 300 मीटरपर्यंत खाली जाऊ शकत असे. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर तीस किलोच्या आसपास पाण्याचा भार असतो.

आता इंजिन रूम. तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी 2,000 अश्वशक्तीचं, रशियातल्या कोलोम्नाच्या कारखान्यातली. तीन इंजिनं, तीन शाफ्ट, मागे तीन पंखे. मी आमच्या गाड्यांची शंभर-दीडशे अश्वशक्तीची इंजिनं हाताळली. इथे दोन इंजिनांच्या मधून चालताना खांदे आक्रसून घ्यावे लागतात. तिथे उभं राहून पाना फिरवायला हात कुठून घालायचा, हेच मी बराच वेळ पाहत होतो. समुद्र खवळलेला, खोली तापलेली, बाजूचं इंजिन चालू आणि याचा इंजेक्टर बदलायचा. ते काम करणाऱ्याला नुसता मेकॅनिक म्हणणं कमी आहे.

डिझेलला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ही इंजिनं चालत नाहीत. तिथे बॅटरीवर विजेच्या मोटारी चालवतात. बॅटरी उतरली की पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते, हवेची नळी, म्हणजे स्नॉर्केल, वर काढते आणि डिझेल लावून बॅटरी चार्ज करते. नळीच्या तोंडावर झडप असते. लाट आली की झडप बंद होते, पण इंजिन काही थांबत नाही. ते आतलीच हवा ओढू लागतं आणि सगळ्यांच्या कानाला दडा बसतो. हे ऐकून मी गाइडला आणखी खोदून विचारलं. मी डिझेलवाला आहे हे कळल्यावर त्यांचाही चेहरा खुलला. मागची मंडळी पुढे निघून गेली तरी त्यांनी मला घाई केली नाही.

1971 बद्दल. पुष्कळांना वाटतं युद्धातली पाणबुडी म्हणजे तिने जहाजं बुडवली असणार. कुरसुराने एकही बुडवलं नाही. कमांडर ऑडिटो यांच्या हाताखाली ती नोव्हेंबरमध्येच अरबी समुद्रात गस्तीला गेली होती. ओळख पूर्ण पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही आणि व्यापारी जहाजाला खास हुकूम आल्याशिवाय हात लावायचा नाही, असे स्पष्ट आदेश होते. 4 डिसेंबरला ती मुंबईला परतली, आणि त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. मला यात कमीपणा वाटत नाही. दिवसेंदिवस शत्रूच्या वाटेवर पाण्याखाली राहायचं, हातात 22 टॉर्पेडो असायचे आणि खात्री नाही म्हणून एकही सोडायचा नाही, याला छाती लागते. पलीकडच्या बाजूच्या हंगोर या पाणबुडीने 9 डिसेंबरला दीवजवळ आपली खुखरी ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पाणबुडी काय करू शकते हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

आणि ज्या किनाऱ्यावर कुरसुरा आज उभी आहे, त्याच किनाऱ्यासमोर 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली, आतल्या सगळ्या माणसांसकट. ती मुळात अमेरिकेची 'डायब्लो', दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पोर्ट्समथच्या गोदीत बांधलेली आणि 1964 मध्ये पाकिस्तानला भाड्याने दिलेली. तिचा सांगाडा अजून तिथेच तळाशी आहे. बीचवर भेळ खाताना हे मुलांना जरूर सांगा. तिथेही माणसंच होती, हेही सांगा.

आता ती मधली वर्षं. सत्तरच्या दशकात सुट्या भागांची टंचाई झाली. भाग यायचे सोव्हिएत युनियनमधून, मोठ्या दुरुस्तीसाठी सुरुवातीच्या काही पाणबुड्या तर तिकडेच न्याव्या लागल्या. बाकीच्या बहिणी चालत्या राहाव्यात म्हणून कुरसुरा बाजूला उभी केली गेली आणि तिचे भाग काढून त्यांना लावले गेले. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे लगेच समजेल. एक गाडी उभी राहते, आज तिचा पंप जातो, उद्या हेड जातं, परवा गिअरबॉक्स. रस्त्यावर चार गाड्या धावतात त्या तिच्या जिवावर, आणि हिच्याकडे मात्र कोणी वळून बघत नाही. अशा उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी पुन्हा रस्त्यावर आलेल्या मी फार थोड्या पाहिल्या. बहुतेकींचा लिलाव होतो.

कुरसुरा परत आली. 1980 मध्ये तिची दुरुस्ती हाती घेतली आणि 1985 मध्ये ती पुन्हा कामावर रुजू झाली. त्यापुढे सोळा वर्षं चालली. पाच वर्षांचं काम! रिकाम्या झालेल्या खोळीत एकेक भाग जमवायचा, जुना नवा जुळवायचा, प्रत्येक जोड तपासायचा, कारण इथे गळती म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी लावून सुटणारा प्रश्न नाही. ज्यांनी हे केलं ते गोदीतले कामगार, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. त्यांची नावं इतिहासात येत नाहीत. मी इंजिन रूममध्ये उभा राहिलो तो त्यांच्यासाठी.

27 फेब्रुवारी 2001 रोजी ती निवृत्त झाली तोवर तिने 73,500 सागरी मैल कापले होते. म्हणजे सुमारे 1 लाख 36 हजार किलोमीटर. आमची लांब पल्ल्याची गाडी एवढं अंतर सव्वा-दीड वर्षात तोडते, आणि हिला एकतीस वर्षं लागली. आकडा लहान वाटला म्हणून मी तिथेच हिशेब मांडला. एक तर ती कित्येक वर्षं उभीच होती. दुसरं म्हणजे पाणबुडीचं काम अंतर कापण्याचं नाहीच. ती माणसाच्या चालीने, आवाज न करता, एकाच पट्ट्यात घिरट्या घालते. त्यामुळे तिचं काम मोजायचं तर पाण्याखालच्या तासांनी मोजायला हवं.

भंगारात न काढता तिला किनाऱ्यावर ओढून आणण्याचा निर्णय झाला, त्याला साडेपाच कोटींच्या आसपास खर्च आला. ऑगस्ट 2002 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तो पैसा सार्थकी लागला असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेचं काय झालं ते मुंबईकरांना ठाऊक आहे. संग्रहालय म्हणून काही वर्षं दाखवली आणि शेवटी 2014 मध्ये तोडली. ते आठवलं की कुरसुराची किंमत जास्त कळते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारी बंद असतं. इतर दिवसांच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्या. गुडघेदुखी असेल तर जिना आणि गोल दारं त्रास देतील, सौ.ला प्रत्येक दारात हात द्यावा लागला. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरूनच पाहावी, बाहेरूनही ती सुंदर दिसते, विशेषतः मागचे तीन पंखे. सहलीच्या बसने जाणार असाल तर वेळेचं आधी बोलून घ्या. आमच्या टूरवाल्यांनी मोजून अर्धा तास दिला होता आणि तो टॉर्पेडोच्या खोलीपाशीच संपत आला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटा पुन्हा गेलो, गर्दी नसताना, आणि इंजिन रूम खऱ्या अर्थाने तेव्हाच पाहिली. गाइडना प्रश्न विचारा. 'ही कधी बंद पडली होती का' असं विचारून बघा, मग ऐकत राहा.

रस्त्यापलीकडे टीयू-142 विमानाचं संग्रहालय आहे, त्याला वेगळं तिकीट लागतं. 1988 ते 2017 ते नौदलात होतं आणि समुद्रावरून तासन् तास उडत पाणबुड्या शोधणं हेच त्याचं काम होतं. पाण्यात आवाज टिपणारे तरंगते बोये टाकायचे आणि कान लावून बसायचं. आधी पाणबुडी पाहा, मग विमान. पाणबुडीतली माणसं हातातला पाना खाली पडू नये म्हणून एवढी का जपायची, हे त्या विमानात गेल्यावर नीट समजतं.